आधी दिवस वाटून घ्या, मग रंग आणा

पिंपरी-चिंचवडमधल्या घरांचं घड्याळ गेली साठ वर्षं कंपन्यांनी लावलं. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या वर्कशॉपांनी आकुर्डी-भोसरीची माळरानं भरून टाकली. पुढे हा पट्टा मोशी ओलांडून चाकण, म्हाळुंगे, निघोज्यापर्यंत पसरला. फर्स्ट शिफ्ट असेल तर पहाटे डबा, सेकंड असेल तर दुपारचं जेवण लवकर, नाइट करून आलेला माणूस आत झोपलाय म्हणून मुलांना दम, आणि आठवड्याची सुट्टी रविवारऐवजी गुरुवारी. घरातल्या प्रत्येकाचा दिवस असा शिफ्टभोवती बेतलेला असायचा. अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी शेवटचं पंचिंग होतं तेव्हा नोकरीबरोबर हे वेळापत्रकही जातं आणि त्याच्या जागी काय ठेवायचं हे घरात कुणी बसून ठरवलेलं नसतं. बऱ्याच जणांना याच सुमारास चित्रकला आठवते. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली असते. सत्तरी ओलांडलेल्यांच्या नजरेसमोर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकरांची दिवाळी अंकांवरची मुखपृष्ठं अजून असतात. मग रंगांची पेटी येते, महागडा कागद येतो, क्लासची चौकशी होते आणि चार-सहा महिन्यांत सगळं माळ्यावर जातं. माझं म्हणणं असं की ही खरेदी आधी करूच नये. आधी घरातला दिवस नव्याने वाटून घ्यावा. निवृत्तीतली चित्रकला टिकते की सुटते, हे हातातल्या कौशल्यापेक्षा या वाटणीवर जास्त अवलंबून असतं.

हे म्हणण्यामागे आकडे आहेत. 2019 साली देशात पहिल्यांदा संपूर्ण भारताचं वेळ-वापर सर्वेक्षण झालं. सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी 81.2 टक्के स्त्रिया घरच्यांसाठीचं बिनपगारी घरकाम करत होत्या, पुरुषांपैकी फक्त 26.1 टक्के. जे करत होते त्यांतही स्त्रीचा वेळ दिवसाला सरासरी 299 मिनिटं आणि पुरुषाचा 97 मिनिटं होता. म्हणजे नवरा कंपनीतून निवृत्त होतो तेव्हा बायकोची रोजची पाच तासांची पाळी चालूच राहते. उलट ती वाढते, कारण आता दुपारी एक माणूस जास्त जेवायला असतो, चहा दोनदा जास्त होतो, आणि इतकी वर्षं तो शिफ्टला गेला की तिचं एकटीचं असलेलं घर आता तिचं एकटीचं राहत नाही. अशा घरात निवृत्त माणूस हॉलमध्ये बोर्ड मांडून बसला आणि पाण्याचा डबा, फडकं, चहा मागू लागला, तर त्याच्या छंदाबद्दल घरात नाराजी साठणारच. त्या नाराजीला 'यांना कलेची कदर नाही' असं म्हणणं अन्यायाचं आहे. ती चित्राविरुद्ध नसते, वाढलेल्या कामाविरुद्ध असते. म्हणून पहिली पायरी अशी: घरातली रोजची कामं कागदावर लिहा, त्यांतली दोन-तीन कायमची स्वतःकडे घ्या, आणि मग चित्राचा वेळ मागा. 'मदत करतो' असं म्हणून चालणार नाही. मदतीत काम आठवण्याची जबाबदारी दुसऱ्याकडेच राहते. सकाळचा चहा, भाजी आणणं आणि निवडून ठेवणं, दुपारची भांडी, गॅस-वीज-सोसायटीची बिलं यांपैकी जे घ्याल ते पूर्ण घ्या, न सांगता करा.

यावर एक आक्षेप हमखास येतो. पस्तीस वर्षं शिफ्टमध्ये राबल्यावर आता तरी माणसाला मोकळं सोडा, परत वेळापत्रक कशाला? आक्षेप माणुसकीचा आहे, पण तो निवृत्त माणसाच्या जोडीदाराला लागू करून पाहा. तिचीही पस्तीस वर्षं झालीच की. शिवाय मोकळा दिवस मोकळा राहत नाही. वर्तमानपत्र, मोबाइल, बँकेचं काम, शेजाऱ्याशी गप्पा, दुपारची झोप यांनी तो भरतो, आणि संध्याकाळी 'आज बसायला जमलंच नाही' एवढंच उरतं. चित्राला रोज एक तास पुरतो, मात्र तो ठरलेला हवा. या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत मुलगा आणि सून दोघंही नोकरीला असतात आणि नातवंडं आजी-आजोबांकडे. तिथे शाळेची बस गेल्यापासून ती परत येईपर्यंतचा वेळ हाच खरा वेळ. त्यातला एक तास तुमचा, आणि एक तास तुमच्या जोडीदाराचा. त्या तासात ती भजनाला जाईल, झोपेल किंवा नुसती खिडकीत बसेल. तेव्हा दाराची बेल आणि फोन तुम्ही घ्यायचा. निवृत्त झालेली व्यक्ती स्त्री असेल, शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बाई असतील, तर ही वाटणी आणखी गरजेची आहे. तिची नोकरी सुटते, पण घरातली पाळी सुटत नाही, आणि 'आता वेळच वेळ आहे' या समजुतीने तिच्याकडे उलट जास्त कामं येतात. अशा घरात चित्राचा तास तिने मागायचा नसतो. घराने तो आपणहून बाजूला काढायचा असतो.

नुसतं पाहण्यापेक्षा स्वतःच्या हाताने काढण्यावर मी भर देतो त्यालाही आधार आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जर्मन संशोधकांनी नुकत्याच निवृत्त झालेल्या 28 जणांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला. निम्म्यांनी प्रत्यक्ष चित्रं काढली, निम्म्यांनी संग्रहालयात चित्रं पाहून त्यांची चर्चा केली. मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतल्या जोडणीतली सुधारणा आणि मनाची उभारी धरण्याची ताकद चित्रं काढणाऱ्या गटात दिसली, पाहणाऱ्या गटात तशी दिसली नाही. प्रयोग लहान होता, त्यावरून मोठे दावे करता येणार नाहीत. पण जलरंगाचे व्हिडिओ तासन् तास पाहणाऱ्यांनी त्यातला धडा घ्यायला हरकत नाही. दहा मिनिटं पाहा, पन्नास मिनिटं काढा. दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा, 2015 चा. 85 वर्षांच्या पुढच्या 256 जणांवर सुमारे चार वर्षं लक्ष ठेवण्यात आलं. मध्यम वयात आणि उतारवयात चित्रकला, शिल्प यांसारख्या कलांत रमलेल्यांमध्ये स्मरणशक्ती आणि विचारशक्तीचा सौम्य ऱ्हास होण्याचा धोका 73 टक्क्यांनी कमी आढळला. हा आकडा फार आकर्षक आहे, म्हणूनच तो जपून वापरायला हवा. ज्यांची बुद्धी आधीच तल्लख असते तेच उतारवयात चित्रं काढत असतील, ही शक्यता असा अभ्यास पूर्णपणे पुसू शकत नाही. तेव्हा चित्रकलेला औषध समजून घोट घेऊ नका. रक्तदाबाची गोळी आणि सकाळचं चालणं आपापल्या जागी राहू द्या. चित्र काढावं ते चित्रासाठी. त्याने डोकं ताजं राहिलं तर ते वरचं.

'आता या वयात काय शिकणार' हा आक्षेप त्यामानाने लवकर मिटतो. रवींद्रनाथ टागोर चित्रकलेकडे गंभीरपणे वळले ते साठी ओलांडल्यावर. त्यांचं पहिलं प्रदर्शन 1930 मध्ये पॅरिसला भरलं तेव्हा ते 69 वर्षांचे होते, आणि त्यांनी कलाशाळेत शिक्षण घेतलेलं नव्हतं. टागोरांची प्रतिभा आपल्याकडे नाही हे खरं, पण हात या वयात नवं काही शिकत नाही ही समजूत मोडायला एवढं पुरे. आपल्याकडचा त्याहून जवळचा मुद्दा वेगळा आहे. या पट्ट्यातल्या हजारो निवृत्तांनी आयटीआयमध्ये इंजिनिअरिंग ड्रॉइंग केलंय, टूलरूममध्ये आयुष्यभर ड्रॉइंग वाचलंय. त्यांचा हात सरळ रेघ मारतो, डोळा सूतभर फरक पकडतो. ही मोठी कमाई आहे, आणि सुरुवातीला तीच आडवी येते. आयसोमेट्रिकमध्ये ठोकळ्याच्या समांतर कडा समांतरच राहतात. डोळ्याला मात्र त्या लांब जाताना एकमेकींकडे झुकताना दिसतात. ड्रॉइंग वाचणारा माणूस वस्तू कशी आहे ते काढतो, चित्रात ती इथून कशी दिसते ते काढायचं असतं. यासाठी एक सवय पुरते. हात पूर्ण ताणून पेन्सिल धरा, एक डोळा मिटा, आणि समोरच्या कडेचा कल पेन्सिलीच्या कलाशी ताडून पाहा. रस्त्याच्या दोन बाजूंच्या इमारती, जिन्याच्या पायऱ्या, कपाटाचा वरचा आणि खालचा काठ असं महिनाभर केलं की डोळा वळतो. त्याचबरोबर कंपनीतल्या सवयीतली एक गोष्ट सोडावी लागते. तिथे रिजेक्शन म्हणजे नुकसान होतं. इथे दहातली आठ चित्रं फसणं हा शिक्षणाचाच भाग आहे, आणि ती फाडू नयेत. मागे तारीख टाकून ठेवावीत.

पहिल्या तीन महिन्यांत विषय स्वयंपाकघरातून घ्या. स्टीलचा पेला, कुकर, पितळी तांब्या, देवघरातली समई, कोथिंबिरीची जुडी. पेल्याचा वरचा काठ आणि तळ हे दोन्ही लंबगोल दिसतात, आणि डोळ्याच्या उंचीपासून खाली जाताना ते अधिक उघडे होत जातात. ही एक गोष्ट हाताला बसली की बादलीपासून देवळाच्या कळसापर्यंत सगळं सोपं होतं. एकच वस्तू आठवडाभर काढा, सकाळी आणि दुपारी, म्हणजे उजेड काय करतो ते कळेल. क्लास लावायचा असेल तर असा शिक्षक शोधा जो समोर वस्तू ठेवून काढायला लावतो. तयार चित्रावरून चित्र उतरवून घेणाऱ्या क्लासात घरी न्यायला सुंदर कागद मिळतो, पण डोळा जिथल्या तिथे राहतो. पुस्तकांतून शिकायचं असेल तर पुण्याचे मिलिंद मुळीक यांची जलरंगावरची पुस्तकं उपयोगी पडतील. ते स्वतः इंजिनिअरिंगचे पदवीधर आहेत, त्यामुळे त्यांची मांडणी कारखान्यातून आलेल्या वाचकाला ओळखीची वाटेल.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण खासगी कंपनीतून निवृत्त होणाऱ्याची पेन्शन फार नसते. ईपीएस-95 या पेन्शन योजनेत पगाराची मर्यादा 15,000 रुपये धरली जाते, त्याला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागतात. म्हणजे 35 वर्षं नोकरी करूनही महिना फार तर साडेसात हजारांच्या आसपासच. म्हणून पहिल्या वर्षात सामान मोजकंच ठेवा. 2बी पेन्सिल, आठ आणि बारा नंबरचे दोन गोल ब्रश, एक इंची चपटा ब्रश, प्लायवूडचा तुकडा, मास्किंग टेप, पाण्याचे दोन डबे. रंगांत लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन आणि अल्ट्रामरीन एवढ्यात वर्ष निघतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जे करडे रंग मिळतात, त्यांत आपल्या भागातले पत्र्याचे शेड, डांबरी रस्ते आणि आषाढातले ढग सगळे बसतात. तयार काळा रंग घ्यायची गरज नाही. दांडेकर बंधूंनी 1931 साली सुरू केलेल्या कॅम्लिनचे विद्यार्थी दर्जाचे रंग सरावाला पुरेसे आहेत. पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, कागदात नको. पातळ कागद पाण्याने फुगतो, आणि कागदाचा दोष माणूस स्वतःच्या हातावर घेतो. 300 जीएसएमचा कागद घ्या, त्याचे चार तुकडे करा, दोन्ही बाजू वापरा. शिवाजीनगरच्या 1940 साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेचा कागदही वापरून पाहण्यासारखा आहे, मात्र हातकागद पाणी किती शोषतो ते एका तुकड्यावर तपासूनच पुढचे घ्या. पावसाळ्यात कागदाला दमट हवेने बुरशी येते, म्हणून जूनच्या आधी तो घट्ट प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण असते. रंग कागदावर टेकताच सुकतो, म्हणून तेव्हा सकाळी लवकर बसावं आणि कागद आधी ओला करून घ्यावा.

जागा नाही ही तक्रार दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये खरी असते, पण चित्राला खोली लागत नाही. खिडकीजवळचं दोन फूट रुंदीचं टेबल लागतं, आणि ते कायम मांडलेलं लागतं. रोज सामान काढणं-आवरणं यातच निम्मा उत्साह संपतो. कंपनीत फाइव्ह एस ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. लागेल तेवढंच ठेवा, प्रत्येक वस्तूची जागा ठरवा, उठताना पुसून ठेवा. मग त्या कोपऱ्याबद्दल घरात कुणाची कटकट राहत नाही. खिडकी उत्तरेची मिळाली तर उत्तम. जुन्या कारखान्यांच्या करवतीच्या दात्यांसारख्या छपरांतल्या काचा उत्तरेकडे असत, कारण तिकडून थेट ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. चित्रकाराला नेमका तोच उजेड हवा असतो. उजव्या हाताने काढत असाल तर उजेड डावीकडून घ्या. दिवा लावावाच लागला तर पिवळा नको, 5000 ते 6500 केल्विनचा पांढरा एलईडी लावा.

आरोग्याच्या बाबतीत मात्र काटेकोर राहा. बंद फ्लॅटमध्ये तैलरंग आणि टर्पेंटाइन नको. फाउंड्रीत, पेंट शॉपमध्ये, वेल्डिंगवर वर्षं काढलेल्यांच्या छातीला तर ते अजिबात नको. जलरंग घ्या, फार तर ॲक्रिलिक. ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरायची सवय असेल तर आजच मोडा, कारण कॅडमियमसारखे काही रंग विषारी असतात. रंगाचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका, डबा नातवंडांच्या हाताला लागेल असा ठेवू नका. चाळिशीच्या चष्म्याने टेबलावरचा कागद दिसतो, पण हातभर लांब उभ्या केलेल्या बोर्डसाठी तो नंबर चालत नाही, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना ते अंतर मोजून सांगा. मोतीबिंदू असेल तर निळे आणि जांभळे रंग मळकट, पिवळट दिसू लागतात. मोने या फ्रेंच चित्रकाराला मोतीबिंदू असल्याचं 1912 मध्ये कळलं आणि शस्त्रक्रिया 1923 मध्ये झाली. मधल्या काळातल्या त्याच्या चित्रांत तांबडे-तपकिरी रंग वाढलेले दिसतात. रंग चुकतायत असं वाटलं तर आधी डोळे तपासा. हात थरथरत असेल तर मोठा ब्रश घ्या, मनगटाऐवजी कोपरातून आणि खांद्यातून हात फिरवा, करंगळी कागदावर टेकवा. कंप नव्याने सुरू झाला असेल तर ते डॉक्टरांना दाखवणं आधी, चित्र नंतर. आणि प्रेस शॉपच्या आवाजाने ज्यांचं ऐकणं कमी झालंय, ज्यांना चारचौघांत बोलणं अवघड होतं आणि म्हणून जे घरात गप्प बसू लागले आहेत, त्यांच्यासाठी चित्रकला खरोखर मोलाची आहे. इथे कानावाचून अडत नाही, आणि काढलेला कागद समोर धरला की बोलायला विषय मिळतो.

सहा महिन्यांनी बाहेर पडा. चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधी मंदिरामागचा पवनेचा घाट, निगडीची दुर्गा टेकडी, प्राधिकरणातला गणेश तलाव, देहू-आळंदीची इंद्रायणी, घोरावडेश्वरची लेणी, भामचंद्र डोंगर, चाकणच्या संग्रामदुर्गाचे उरलेले बुरूज, सगळं तासाभराच्या आत आहे. तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते तेव्हा गर्दीतल्या माणसांची भरभर स्केचेस काढण्याइतका चांगला सराव वर्षात दुसरा नाही. ज्या शेडमध्ये आयुष्य गेलं त्याकडेही चित्राचा विषय म्हणून पाहा. चिमण्या, पाइपलाइनी, गेटबाहेरची चहाची टपरी आणि त्यामागचा डोंगर हे या भागाचं खरं निसर्गचित्र आहे, आणि ते आतून ओळखणारी पिढी आता निवृत्त होते आहे. कंपनीच्या आवारात परवानगीशिवाय मात्र काढू नका, रस्त्यावरून काढा. एकट्याने बसायला संकोच वाटत असेल तर ज्येष्ठ नागरिक संघात किंवा महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात आठवड्यातून एकदा चार जणांनी मिळून बसायचं ठरवा. जोडीदाराला यायचं असेल तर सोबत न्या, पण तिनेही चित्रच काढावं असा आग्रह नको.

पहिली दोन वर्षं फ्रेम, प्रदर्शन आणि विक्री यांचा विचार करू नका. नातेवाइकांना भेट द्यायची घाईही नको. भिंतीवर चढलेलं पहिलं चित्र माणसाला तिथेच थांबवतं, तसंच काढत राहायला लावतं. वर्षाच्या शेवटी साठलेले कागद घरातल्यांसमोर मांडा, त्यांना बारा निवडू द्या आणि बाकीचे पेटीत ठेवा. ते काय निवडतात ते ऐका, वाद घालू नका.

ज्यांना निवृत्त व्हायला अजून वर्ष-सहा महिने आहेत त्यांना माझी विनंती आहे की शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. येत्या गुरुवारच्या सुट्टीलाच सकाळचा चहा तुम्ही करा, भाजी आणून निवडून ठेवा, आणि अकरा ते बारा खिडकीजवळ एक पेला, एक पेन्सिल आणि साधा कागद घेऊन बसा. रंग नंतर आणता येतील.